गेंटचा ग्रावेनस्टेन : जुना किती, नवा किती

बेल्जियममधल्या गेंट शहरातला ग्रावेनस्टेन किल्ला बघून आलेला माणूस साधारण दोन गोष्टी सांगतो. वरून शहर फार देखणं दिसतं, आणि आत छळाची हत्यारं मांडून ठेवली आहेत. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीसाठी गर्दीही असते. किल्ल्यांचं वेड असलेल्या मराठी माणसानं मात्र इथे यावं ते वेगळ्याच कारणासाठी. या एका वास्तूत अकराव्या शतकातलं काम आहे, बाराव्या शतकातलं आहे आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचंही आहे. सावकाश बघितलं तर कुठलं काम कुठे संपतं ते बऱ्याच ठिकाणी आपलं आपल्याला कळतं.

मी अँटवर्पला राहते, जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल तपासणीचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष आधी भिंतीकडे जातं. या वेळी सोबत आई-बाबा होते. बाबा साताऱ्याचे, पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले, अजिंक्यताऱ्यापासून वासोट्यापर्यंत सगळं पायाखाली घातलेले. त्यांच्याबरोबर किल्ला बघताना घाई चालत नाही.

ग्रावेनस्टेन शहराच्या मधोमध, सपाटीवर आहे. म्हणजे आपल्या हिशेबानं भुईकोट. एका अंगाला लीव्ह कालव्याचं पाणी, दुसऱ्या अंगाला सिंत फेर्लेप्लेन हा चौक. ट्राम जवळच थांबते. चौकात पोचलात की कॅफेच्या खुर्च्या, सायकली, उतरत्या छपरांची घरं आणि त्या सगळ्यांत अचानक ही करडी, उंच, रुक्ष भिंत. बाबा बराच वेळ तिथेच उभे होते. मग म्हणाले, "बाहेरच्या शत्रूला हा इथे कशाला लागतोय? हा गावाला दाखवायला बांधलाय."

इतिहास त्यांच्याच बाजूचा आहे. किल्ला बांधवला अल्सासच्या फिलिपनं. हा ११६८ ते ११९१ फ्लँडर्सचा काउंट होता. नावाला फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, पण प्रत्यक्षात त्या काळातल्या बलाढ्य सरदारांपैकी एक. त्याच्या अमलाखालचं गेंट इंग्लंडहून येणाऱ्या लोकरीवर झपाट्यानं श्रीमंत होत होतं. पुढच्या दीडशे वर्षांत आल्प्सच्या उत्तरेला पॅरिस सोडलं तर एवढं मोठं शहर नव्हतं. पैसा हातात खेळायला लागला तसे इथले बडे व्यापारी स्वतःची दगडी घरं बांधायला लागले. लाकडाच्या गावात दगडी घर म्हणजे बुरूज बांधून बसल्यासारखंच. फिलिपनं त्या सगळ्यांच्या डोक्यावरून दिसेल अशी वास्तू उभी केली. त्याच्यानंतरच्या काउंटांच्या वाट्याला पुढे या शहरातली बंडं पुष्कळ आली, आणि किल्ल्याला वेढा घालणारे बहुतेक वेळा गेंटचेच लोक होते.

आता दरवाजा. माझ्या मते अख्ख्या किल्ल्यातली सगळ्यात मोलाची जागा हीच, आणि लोक इथे जेमतेम फोटोपुरते थांबतात. कमानीच्या वर क्रुसाच्या आकाराची एक फट सोडली आहे. फिलिप ११७७ मध्ये धर्मयुद्धासाठी पवित्र भूमीत गेला होता आणि पुढच्या वर्षी परतला. तो क्रूस म्हणजे त्या मोहिमेची खूण मानतात. तिकडचे दगडी गड बघून आल्यामुळेच हा किल्ला असा झाला, असंही इथे सांगितलं जातं. दरवाजावरच लॅटिन शिलालेख आहे. सन ११८० मध्ये फ्लँडर्स आणि व्हर्मांदुआचा काउंट, काउंट थिएरी आणि सिबिला यांचा पुत्र फिलिप यानं हा किल्ला बांधवला, एवढाच त्याचा आशय. आधी बापाचं आणि आईचं नाव, मग काम. बाबांना ते फार आवडलं. फिलिप पुढे पुन्हा धर्मयुद्धावर गेला आणि ११९१ मध्ये आक्कोच्या वेढ्यात तिकडेच वारला. म्हणजे पुऱ्या किल्ल्याचा धनी म्हणून त्याला जेमतेम दशकभर मिळालं.

कमानीखाली उभं राहून डाव्या-उजव्या भिंतीला नाक लावून बघा. हा तुर्नेचा चुनखडी दगड. तुर्ने स्खेल्डे नदीच्या वरच्या अंगाला आहे. तिथल्या खाणींतून दगड पडावात भरायचा आणि प्रवाहाबरोबर खाली गेंटला आणायचा. फ्लँडर्सच्या सपाट मुलखात स्वतःचा असा बांधकामाचा दगड फार थोडा, त्यामुळे नदी हाच रस्ता. ताजा फोडला की हा दगड निळसर काळा दिसतो, हवा लागून करडा होतो आणि थराथरानं सुटतो. जुन्या चिऱ्यांवर ते थर स्पष्ट दिसतात. कडा गोल झालेल्या, पृष्ठभागावर पापुद्रे, मधूनच एखादा चिरा बोटभर आत गेलेला. त्याच भिंतीत दोन हातांवर दुसरा पट्टा लागतो. तिथल्या कडा सरळ, थरांची उंची एकसारखी, चिऱ्यांमधल्या दरजा अगदी नेटक्या. बाबांनी तळहात फिरवला आणि म्हणाले, "इथून पुढे दुसऱ्या गवंड्याचा हात आहे." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. याच निळ्या दगडातलं संत निकोलसचं चर्चही चालत दहा मिनिटांवर आहे. किल्ला बघून तिकडे गेलात तर नजर तयार झालेली असते.

आपल्याकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्याला एक गोष्ट खटकते. दरवाजातून आत गेलं की वाट जवळपास सरळ अंगणात नेते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला असतो, शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. इथे दरवाजा चौकाकडे तोंड करून, छाती काढून उभा आहे. फरक काळाचा आणि हेतूचा. ११८० मध्ये युरोपात तोफा नव्हत्या. भिंत उंच असली, शिडी पुरली नाही आणि लाकडी दार जळलं नाही की काम भागत होतं. म्हणून इथे भिंती सरळसोट उंच, मुख्य इमारतीचे कोपरे काटकोनात, आणि आपल्या बुरुजांसारखा तोफेचा गोळा घसरवणारा गोल फुगवटा कुठे नाही.

तट अंडाकृती आहे आणि त्यावर बाहेर काढलेले २४ छोटे मनोरे आहेत. तटाला बाहेरून टेकू देणारे जाड दगडी खांब खालून वर येतात आणि त्यांच्या माथ्यावर हे मनोरे बसवले आहेत. इंजिनिअर म्हणून मला हे फार सुंदर वाटलं. एकाच खांबानं भिंतीलाही आधार दिला आणि पहाऱ्याच्या जागेलाही पाया दिला. मनोऱ्यात उभं राहिलं की दोन्ही बाजूंचा तट पायथ्यापर्यंत नजरेत येतो, म्हणजे भिंतीला चिकटलेला माणूस लपू शकत नाही. तटावरून फेरी मारता येते. ती चुकवू नका, आणि शहराकडे पाठ करून आतल्या बाजूला बघत एकदा तरी चाला. मधली इमारत आणि तिच्याभोवतीचा उंचवटा यांचं नातं तिथून नीट समजतं.

तो उंचवटा नैसर्गिक नाही. फिलिपच्या आधीही इथे काउंटांचं ठाणं होतं. दहाव्या शतकात लाकडी बांधकाम, अकराव्यात दगडी वाडा. फिलिपनं तो पाडला नाही. त्याच्याभोवती मातीचा भराव घातला, जुन्याच भिंतींवर आणखी उंची चढवली, आणि जुन्या वाड्याचा तळमजला भरावाखाली जाऊन तळघर झाला. म्हणून मुख्य इमारतीत खाली उतरलात की तुम्ही फिलिपच्या आधीच्या किल्ल्यात असता. एके काळी ज्या जमिनीवर उजेड पडत होता ती आता पोटात आहे. भिंत जाडजूड, दगड ओबडधोबड, वरच्या दालनांची सफाई इथे नाही. पर्यटक या तळघरातून भरभर पुढे जातात. आम्ही मात्र तिथे चांगले रमलो. जुन्या भिंतीवर वजन वाढवायचं ठरवताना त्या गवंड्यांनी काय अंदाज बांधला असेल, यावर बाबांचा आणि माझा रीतसर वाद झाला. त्यांचं म्हणणं, मातीचा भराव हा संरक्षणासाठी होताच, पण त्यानं जुन्या भिंतीला बाहेरून दाबून धरलं आणि वरचं ओझं पेलायला मदत केली. मला ते पटण्यासारखं वाटतं.

वरच्या मजल्यांवर मोठी दालनं, काउंटाच्या राहण्याची जागा, मधल्या नाजूक खांबानं दोन भाग केलेल्या खिडक्या, शस्त्रं आणि चिलखतं. एका बाजूला भिंतीच्या जाडीत केलेला शौचकूप आहे. आपल्या गडांवर असे शौचकूप बघितलेले असले तर बांधणाऱ्याचं डोकं सगळीकडे सारखंच चालतं हे जाणवतं. शस्त्रांचा संग्रह चांगला आहे, पण तशा तलवारी युरोपात इतरत्रही बघायला मिळतील.

काउंट इथे फार काळ राहिलेच नाहीत. चौदाव्या शतकात त्यांनी जवळच दुसरा, जास्त सोयीचा वाडा धरला. सम्राट पाचवा चार्ल्स १५०० साली जन्मला तो त्या वाड्यात, या किल्ल्यात नव्हे. इथे मग टांकसाळ आली, आणि १४०७ पासून १७७८ पर्यंत फ्लँडर्सचं वरिष्ठ न्यायमंडळ इथे भरत होतं. न्यायालय आलं म्हणजे तुरुंग आला, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे छळही आला. छळ ही तेव्हा चौकशीतली कायदेशीर पायरी होती. कबुलीजबाब हाच मोठा पुरावा, आणि तो काढायला साधनं. हे डोक्यात ठेवून ते दालन बघितलं तर काटेरी पट्टा, अंगठे चिरडायचे पेच, ताणायची चौकट यांचा अर्थ लागतो. तो नसेल तर ते नुसतं भीतीचं प्रदर्शन होतं. आई तिथून लगेच बाहेर आली. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी आधी ठरवून ठेवा. दहा-बारा वर्षांच्या खालच्या मुलांना मी तरी ते दालन दाखवणार नाही.

बाहेरच्या सिंत फेर्लेप्लेन चौकातही पूर्वी देहदंड दिले जात. आज त्याच चौकातले काही दिवे शहरातल्या प्रसूतिगृहांना जोडलेले आहेत. बाळ जन्मलं की घरच्यांनी बटण दाबायचं आणि चौकातले दिवे हळूहळू उजळतात. आईला छळाच्या दालनापेक्षा ही गोष्ट ऐकण्यात जास्त रस होता, आणि पुढचा बराच वेळ ती चौकातल्या बाकावर दिव्यांकडे लक्ष ठेवून बसली होती.

न्यायालय गेल्यावर किल्ला खाजगी मालकांकडे गेला आणि मग त्याचा झाला कारखाना. अठराव्या शतकाच्या अखेरीला लिव्हेन बाउवेन्स या गेंटच्याच उद्योजकानं इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र चोरून आणलं होतं, आणि गेंट बघता बघता कापसाचं शहर झालं. काउंटांच्या दालनांतही कताईची यंत्रं लागली, कामगार राहायला आले, तटाला लागून घरं चढली. एखाद्या बंद पडलेल्या गिरणीची चाळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे १८७०च्या आसपासचा ग्रावेनस्टेन कसा दिसत असेल ते समजेल. पुढे कारखाना गेला, वास्तू पडायला आली, आणि ती पाडून जागा मोकळी करावी असंही बोललं जात होतं. सरकार आणि नगरपालिकेनं टप्प्याटप्प्यानं ती विकत घेतली. १८९३ मध्ये वास्तुविशारद योसेफ द वाल यानं काम हाती घेतलं, १९०७ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला आणि १९१३ च्या गेंटच्या जागतिक प्रदर्शनात तो शहराचा मोठा मान ठरला.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. द वालनं वाचवलं हे निर्विवाद. त्याच्याशिवाय आज तिथे दुकानांची रांग असती. पण त्यानं जे केलं ती डागडुजी नव्हे, ती बरीचशी पुनर्बांधणी आहे. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदानं जी पद्धत रूढ केली, म्हणजे इमारत एका आदर्श काळात परत न्यायची, नंतरचं सगळं काढून टाकायचं आणि जे उरलं नाही ते त्या काळात असं असेल असं समजून बांधायचं, त्याच वाटेनं हा गेला. ठरवलेला काळ ११८०. त्यामुळे कारखाना गेला, न्यायालयाच्या काळातलं बरंचसं गेलं, आणि सपाट छतं व पूर्वेकडच्या इमारतीच्या खिडक्या आल्या, ज्या बाराव्या शतकात तशा नव्हत्या असं आजचे अभ्यासक मानतात. फोटोत जे सगळ्यात 'मध्ययुगीन' दिसतं त्यातलं बरंच १९०० च्या आसपासचं आहे.

म्हणून किल्ला खोटा ठरतो का? माझ्या मते नाही. तळघरातली भिंत खरी आहे, दरवाजा आणि शिलालेख खरे आहेत, तटाची आखणी खरी आहे. पण बघणाऱ्याला हे जागेवर कळायला हवं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत जतनाचं एक साधं तत्त्व सांगितलं आहे : नवा भाग जुन्याशी सुसंगत असावा, पण जुन्यापासून ओळखू यावा. काही देशांत जुनी भिंत जिथे संपते तिथे विटेचा किंवा शिशाचा पातळ थर घालतात, एक रेघ दिसते आणि गोंधळ संपतो. द वालच्या काळात ही सनद नव्हती, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र आजच्या पाट्यांवर आणि नकाशावर अशी रेघ मला ठळक हवी होती. हा विषय आमच्या घरात तापतो, कारण २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि त्यांच्या दुरुस्तीची कामं आता जगाच्या नजरेखाली होणार आहेत. "आपल्याकडं कामाला लागायच्या आधी प्रत्येक ठेकेदाराला इथं आणून ही भिंत दाखवली पाहिजे," असं बाबा तटावर उभं राहून म्हणाले, आणि ते अगदी मनापासून बोलत होते.

तिकिटाबरोबर ऑडिओ गाइड मिळतो. तो एका फ्लेमिश विनोदी कलाकारानं केला आहे, इंग्रजीतही आहे, आणि ऐकायला खरोखर मजा येते. काउंट, त्याची बायको, तिचे प्रियकर यांच्या गोष्टी रंगवून सांगतो. कंटाळलेल्या मुलांना आणि इतिहास नको असलेल्या पाहुण्यांना हा गाइड वर गच्चीपर्यंत हसत घेऊन जातो. बांधकामात रस असेल तर मात्र हेडफोन अधूनमधून काढा, भिंतीला वेळ द्या. गाइडमध्ये आणि गावात हमखास ऐकू येणारी गोष्ट म्हणजे १६ नोव्हेंबर १९४९ ची. बिअर महागली आणि पोलिसांचं शिरस्त्राण बदललं, या दोन्हींच्या निषेधात १३८ विद्यार्थ्यांनी किल्ल्यात शिरून दार लावून घेतलं आणि वरून सडकी फळं फेकली. अग्निशमन दलाच्या शिड्या लावून पोलिसांना किल्ला घ्यावा लागला. शिक्षा कुणालाच झाली नाही, उलट गावानं विद्यार्थ्यांचीच बाजू घेतली. गेंटचे विद्यार्थी आजही तो दिवस साजरा करतात.

गच्चीवर वारा जोरात असतो. तिथून संत निकोलसचं चर्च, घंटाघर आणि संत बावोचं कॅथेड्रल असे तीन मनोरे एका ओळीत दिसतात. संत बावोमध्ये फान आइक बंधूंचं १४३२ चं वेदीचित्र आहे, त्याचं तिकीट आणि वेळ वेगळी काढावी लागते. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर किल्ला सकाळी उघडताच, म्हणजे दहाला, गाठा.

आता कामाच्या गोष्टी. जिने दगडी, गोल, अरुंद, आणि वर-खाली जाणारे लोक एकमेकांना थांबवून जातात. आईच्या गुडघ्यांना पहिला मजला पुरला. गुडघेदुखी किंवा व्हीलचेअर असेल तर अंगण आणि दरवाजा एवढंच पदरात पडेल, हे धरूनच तिकिटाचा विचार करा. पावसात तटावरचा दगड निसरडा होतो, चपला नकोत. गेंटचं सिटीकार्ड घेतलं असेल तर हा किल्ला त्यातच येतो. संध्याकाळी सहाला बंद होतो, पण आत सोडणं त्याच्या बरंच आधी थांबतं. ब्रुसेल्सहून आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासात सिंत-पीटर्स स्टेशन येतं आणि तिथून ट्राम. स्वतःची गाडी शहराच्या मध्यात आणू नका, नियम कडक आहेत. एका दिवसात तीन शहरं दाखवणाऱ्या बसच्या सहलींचाही या किल्ल्यासाठी उपयोग नाही. मागच्या वर्षी आमचे नातेवाईक अशा एका सहलीतून आले, आणि त्यांना किल्ला दिसला तो पुलावरून.

शाकाहारी मंडळींना गेंट सोपं जातं. २००९ पासून इथे गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून पाळायची मोहीम आहे, आणि इतर दिवशीही नुसत्या बटाट्यांवर वेळ मारून न्यावी लागत नाही. किल्ल्यापासून दोन मिनिटांवर ग्रुंटेनमार्क्टमध्ये १७९० पासून चालत आलेलं मोहरीचं दुकान आहे. तिथली मोहरी नाकात झणझणते, आणि बाबांनी साताऱ्याला न्यायला दोन बरण्या घेतल्या. बाहेर जांभळ्या, शंकूच्या आकाराच्या क्युबरडॉन नावाच्या गोळ्या विकणारे गाडे असतात. त्या आत पातळ असतात आणि जुन्या झाल्या की साखर धरतात, तेव्हा घरी न्यायच्या असतील तर निघायच्या दिवशीच घ्या.